जाड आणि पातळ यांचा सांधा
वेल्डिंगच्या कार्यपद्धतीची आगाऊ परीक्षा कशासाठी?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लोखंडाच्या सांध्यांवरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. पण आपल्या बडोद्याच्या मंडळींना हा विषय परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि कारकुनी व वकिली यांपलीकडेही शिक्षणाला वाटा आहेत हे आपल्या वाडवडिलांना दाखवून दिले. पुढे १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्याच्या आसपास रसायनांचे, खतांचे व यंत्रसामग्रीचे कारखाने वाढत गेले. आज आपल्या संस्थेच्या सभासदांत असे घर विरळा, की ज्यातील एखादा मुलगा, पुतण्या वा जावई फिटर, वेल्डर, तपासनीस किंवा इंजिनिअर म्हणून कोठेतरी कामाला नाही.

घरच्या माणसांना मात्र त्या कामाचे स्वरूप क्वचितच ठाऊक असते. 'साहेबांनी टेस्ट पीस घेतला, म्हणून उशीर झाला' एवढेच कानावर येते. हा टेस्ट पीस काय असतो, तो का घ्यावा लागतो आणि जाड व पातळ भाग जोडताना त्याचे महत्त्व अधिक का, हे सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा हेतू आहे. ज्या तरुणांचा हा रोजचा व्यवसाय आहे, त्यांनाही यातून काही उजळणी घडेल अशी आशा आहे.

उष्णता कोठे जाते?

वेल्डिंग म्हणजे दोन धातूंच्या कडा वितळवून, बहुधा त्यात सळईचा धातू भरून, त्यांचा एकजीव करणे. ठिणगीखालचे लोखंड सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. पण बोटभर अंतरावरील लोखंड त्या मानाने थंडच असते. वितळलेल्या जागेतील उष्णता त्या थंड भागाकडे धाव घेते. भाग जितका जाड, तितकी ती झपाट्याने ओढली जाते.

गृहिणींना ही गोष्ट निराळी सांगावयास नको. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध चटकन लागते, जाड बुडाच्या पातेल्यात लागत नाही. आता अशी कल्पना करा, की एकाच आचेवर निम्मे भांडे पातळ बुडाचे व निम्मे जाड बुडाचे आहे. आच जाड बाजूला पुरेल इतकी ठेवावी तर पातळ बाजू करपते; पातळ बाजू सांभाळावी तर जाड बाजू कच्ची राहते. बारा मिलिमीटरचा पत्रा बत्तीस मिलिमीटरच्या कड्याला जोडणाऱ्या वेल्डरपुढे नेमका हाच पेच असतो. म्हणून कसलेला कारागीर सळईचे टोक जाड भागाकडे कलते ठेवतो आणि पातळ कडेवर ठिणगी रेंगाळू देत नाही. तेवढे भान सुटले की पातळ बाजूला भोक पडते, किंवा जाड बाजूला धातू नुसता चिकटून बसतो, मुरत नाही. वरून असा सांधा चांगला दिसतो, हाच त्यातील खरा धोका होय.

दुसरा धोका याहूनही सूक्ष्म आहे. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो, तेव्हा त्याची धार कठीण होते. पण अतिकठीण झालेला विळा दगडावर आपटला की तुकडा उडतो. पोलाद वेगाने थंड झाले की ते कठीण आणि ठिसूळ होते. जाड प्लेट पाण्यावाचूनच हे काम करते. सांध्यालगतची पट्टी ती इतक्या वेगाने थंड करते, की तिथले पोलाद पाणी पाजल्यासारखे ताठर होते. त्यात सळईच्या दमट लेपातून हायड्रोजन शिरला आणि सांधा आवळला जाऊन ताण आला, म्हणजे तडा जाण्याची सर्व तयारी झाली. असा तडा कधी कधी लगेच न दिसता एक-दोन दिवसांनी उघडतो. यास्तव जोखमीच्या कामात शेवटची तपासणी अठ्ठेचाळीस तासांनंतर करण्याची चाल आहे. पावसाळ्यात सळया भट्टीत कोरड्या ठेवण्याचा जो आग्रह असतो, त्याचेही कारण हेच.

यावर उपाय म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी लोखंड ठराविक तापमानापर्यंत गरम करणे. ते किती गरम करावे, हे पोलादातील कार्बन, मँगनीज इत्यादी घटकांवर, सळईतील हायड्रोजनवर, ठिणगीच्या उष्णतेवर आणि जाडीवर अवलंबून असते. येथे जाडी म्हणजे एकाच भागाची नव्हे. उष्णतेला पळून जाण्यास जितक्या वाटा, त्या सर्वांच्या जाडीची बेरीज धरावयाची. बारा व बत्तीस मि. मी. चे भाग टोकाला टोक लावून जोडले, तर वाटा दोन आणि बेरीज चव्वेचाळीस. तोच बारा मि. मी. चा पत्रा बत्तीस मि. मी. च्या प्लेटवर मध्यभागी उभा करून जोडला, तर उष्णता प्लेटमध्ये दोन्ही अंगांना व पत्र्यात वर अशी तीन वाटांनी जाते. बेरीज शहात्तर होते. पत्रे तेच, वेल्डर तोच, पण थंड होण्याचा वेग अगदी निराळा. 'पातळच तर पत्रा आहे, गरम कशाला करायचा?' असे जे कारखान्यात ऐकू येते, ते किती फसवे आहे हे यावरून ध्यानात यावे.

आधी परीक्षा, मग काम

तयार झालेला सांधा चांगला आहे की नाही, हे संपूर्णपणे पाहावयाचे तर तो तोडूनच पाहावा लागेल. क्ष-किरणांनी आतील पोकळी दिसते, ध्वनिलहरींनी तडा सापडतो. पण सांधा किती ताण सोसेल आणि वाकवला तर फाटेल की नाही, हे न तोडता कळत नाही. टाकीचा सांधा तोडून टाकी विकता येत नाही. म्हणून तशाच धातूचे दोन तुकडे घेऊन, ज्या रीतीने पुढे काम करावयाचे त्याच रीतीने ते जोडतात, आणि तो नमुना तोडून पाहतात. हाच टेस्ट पीस.

यात तीन कागद असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिला कार्यपद्धतीचा लेखी आदेश, ज्याला कारखान्यात 'डब्ल्यू. पी. एस.' म्हणतात. कोणता धातू, कोणती सळई, किती अँपिअर, किती पूर्वतापन, कोणत्या जाडीपासून कोणत्या जाडीपर्यंत, हे सारे त्यात लिहिलेले असते. दुसरा परीक्षेची नोंद, म्हणजे 'पी. क्यू. आर.', नमुना जोडताना प्रत्यक्ष काय केले आणि तो तोडल्यावर काय आढळले, याचा तो प्रामाणिक जबाब. तिसरा वेल्डरच्या हाताच्या परीक्षेचा दाखला. पहिल्या दोहोंनी रीत सिद्ध होते, तिसऱ्याने हात सिद्ध होतो. उत्तम पाककृती आणि उत्तम आचारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही. आणि हाताचा दाखलाही कायमचा नसतो. त्या प्रकारचे वेल्डिंग सहा महिने केले नाही, तर तो संपतो.

परीक्षेची ही शिस्त अनुभवाने, आणि बहुधा दुःखद अनुभवाने आली आहे. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे दगावली, आणि दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत ब्रॉक्टन गावी २० मार्च १९०५ रोजी जोड्यांच्या कारखान्यातील बॉयलर फुटला व ५८ माणसे मेली. त्यानंतर तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने, १९११ मध्ये समिती नेमून १९१४ ची पहिली बॉयलर संहिता तयार केली. त्या संहितेचा नववा विभाग आज वेल्डिंगच्या परीक्षांसाठी जगभर वापरला जातो. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा व १९५० ची नियमावली यांनी दीर्घकाळ हे काम केले. २०२५ साली जुन्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

नमुन्यातून काय पाहतात? नेहमीच्या परीक्षेत दोन पट्ट्या ताणून तोडतात. त्यांनी मूळ धातूला नेमून दिलेले किमान बळ सोसले पाहिजे. दोन्ही बाजूंचे धातू निरनिराळे असतील, तर त्यांतील कमी बळाच्या धातूचा हिशेब धरतात. चार पट्ट्या वाकवतात. साधे पोलाद असेल तर दहा मि. मी. जाडीची पट्टी चाळीस मि. मी. व्यासाच्या गोलाभोवती पार उलटी, इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळवतात. बाहेरच्या ताणलेल्या अंगावर तीन मि. मी. हून मोठी चीर उघडली, की नमुना नापास. सांधा कच्चा असेल किंवा लगतचे पोलाद ठिसूळ झाले असेल, तर या एका वळणात ते उघडे पडते. थंडीत वापरावयाच्या टाक्यांसाठी याखेरीज आघाताची परीक्षा असते.

जाडीची मर्यादा

प्रत्येक जाडीसाठी निराळा नमुना करावयाचा म्हटले, तर कारखाने चालणार नाहीत. म्हणून एका नमुन्यावरून कोणत्या जाडीपर्यंत भरवसा ठेवावा, हे नवव्या विभागाने ठरवून दिले आहे. नेहमीच्या कामापुरते नियम असे. नमुना दीड ते दहा मि. मी. जाडीचा असेल, तर ती रीत दीड मि. मी. पासून नमुन्याच्या दुपटीपर्यंत चालते. नमुना दहाच्या वर आणि अडतीसच्या आत असेल, तर पाच मि. मी. पासून दुपटीपर्यंत. अडतीस ते दीडशे मि. मी. चा नमुना असेल, तर पाचपासून दोनशे मि. मी. पर्यंत. काही प्रक्रियांना व आघातपरीक्षेच्या कामांना याहून कडक बंधने आहेत. सांध्यात भरलेल्या धातूच्या जाडीची मर्यादा तर वेगळीच मोजावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन्ही भाग सारख्या जाडीचे नसतील तर कोणाची जाडी धरावयाची? पुष्कळ तरुण 'पातळ भागाची' असे उत्तर देतात, कारण सांधा पातळ भागाएवढाच भरला जातो. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. नियम असा, की पातळ भाग मर्यादेत बसला पाहिजे आणि जाड भागही बसला पाहिजे. सांधा कितीही लहान असो, उष्णता ओढणारा जाड भाग आपला प्रभाव दाखविल्याशिवाय राहत नाही.

उदाहरण घेऊ. साध्या पोलादाच्या टाकीचा बारा मि. मी. चा पत्रा बत्तीस मि. मी. च्या कड्याला जोडावयाचा आहे. कारखान्याजवळ बारा मि. मी. च्या नमुन्याची जुनी नोंद आहे. तिची मर्यादा पाच ते चोवीस. पत्रा बसतो, कडे बसत नाही; ही नोंद निरुपयोगी. वीस मि. मी. च्या नमुन्याची नोंद असेल, तर मर्यादा पाच ते चाळीस. दोन्ही भाग बसले. म्हणजे दोन्हींपैकी एकाही जाडीचा नसलेला, मधल्याच जाडीचा नमुना येथे उपयोगी पडला.

आता सहा मि. मी. चा पत्रा व साठ मि. मी. चे कडे घ्या. वीसचा नमुना साठपर्यंत पोहोचत नाही. अडतीसचा नमुना मात्र दोन्ही टोके सांभाळतो. इतकेच नव्हे, तर नमुना अडतीस मि. मी. वा त्याहून जाड असेल, तर अशा विषम सांध्यातील जाड भागाला वरची मर्यादाच उरत नाही. आणि पत्रा सहाऐवजी चार मि. मी. चा असेल तर? अडतीसचा नमुना पाचच्या खाली उतरत नाही. तेव्हा पातळ टोकासाठी आणखी एक नमुना हवा. उदाहरणार्थ आठ मि. मी. चा, जो दीड ते सोळा सांभाळतो. अशा वेळी एका सांध्यासाठी दोन नोंदींचा आधार घ्यावा लागतो, आणि संहितेने तसे स्पष्ट सांगून ठेविले आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दूध व औषधांच्या टाक्यांसाठी जे गंजरोधक, लोहचुंबकाला सहसा न चिकटणारे स्टेनलेस पोलाद वापरतात, त्यात दोन्ही भाग त्याच वर्गाचे असतील व नमुना सहा मि. मी. वा अधिक जाडीचा असेल, तर जाड भागाला मर्यादा नाही. तीच सवलत निकेलसारख्या काही धातूंनाही आहे. कारण शास्त्राला धरून आहे. ते पोलाद झटपट थंड झाले तरी विळ्यासारखे कठीण होत नाही. नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेतले, तर तो विसरत नाही, हे यावरून दिसेल.

पायरी नको, उतार हवा

परीक्षा पास झाली म्हणजे सारे संपले असे नाही. जाड व पातळ भाग टोकाला टोक जोडले, की मध्ये पायरी राहते. आतील दाबाचा ताण जाड भागातून पातळ भागात जाताना त्या पायरीच्या कोनात गोळा होतो. अरुंद बोळाच्या तोंडाशी जत्रेतील गर्दी तुंबावी तसा. टाकी रोज भरली व रिकामी झाली, की तोच कोन पुनःपुन्हा ताणला जातो, आणि चिरेची सुरुवात तेथून होते.

म्हणून दाबाच्या टाक्यांच्या नियमांत असे आहे, की जाडीतील फरक पातळ भागाच्या चौथ्या हिश्श्याहून किंवा तीन मि. मी. हून, यांपैकी जे कमी असेल त्याहून, अधिक झाला तर जाड भाग उतरता करावा. उताराची लांबी पायरीच्या निदान तिप्पट हवी. आपल्या बारा व बत्तीसच्या उदाहरणात एक अंग सपाट ठेवले, तर पायरी वीस मि. मी. ची व उतार किमान साठ मि. मी. लांब. दोन्ही अंगांना सारखी विभागली, तर दहा-दहाची पायरी व तीस-तीसचा उतार. हे घासकाम कंटाळवाणे असते आणि घाईच्या वेळी पहिली काट त्यावरच पडते. ती पडू देऊ नये.

लहान सांध्याची मोठी किंमत

हे सारे मोठ्या बॉयलरांना ठीक, किरकोळ जोडणीला एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर उत्तर समुद्राने दिले आहे. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या समुद्रात 'अलेक्झांडर कीलँड' नावाचा तरंगता तळ वादळात उलटला. त्यावर तेलक्षेत्रातील कामगार राहत असत. २१२ जणांपैकी १२३ जण मेले. तळाच्या पायांना बांधणारी सव्वीस मि. मी. जाडीची एक नळकांडी तुटली, आणि तिच्यापाठोपाठ इतर तुटून एक पायच निखळला होता.

चौकशीत आढळले, की त्या नळकांडीवर पाण्यातील आवाज टिपणाऱ्या उपकरणासाठी एक लहान बैठक जोडलेली होती. तिचा सांधा अवघ्या सहा मि. मी. चा. ती बैठक काही भार उचलणारी नव्हे, म्हणून तिच्या सांध्याकडे मुख्य सांध्यांइतक्या काळजीने कोणी पाहिले नव्हते. सांध्याचा आकार वाईट होता, मुरणे अपुरे होते. चिरेच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे तळ बांधून रंगवला गेला तेव्हाच चीर तेथे होती. लाटांच्या माऱ्याने ती वाढत वाढत मुख्य नळकांडीत शिरली.

जाड भागावर जोडलेला लहान भाग, मग तो उपकरणाची बैठक असो, उचलण्याचा कान असो की पाटीचा आधार, जाड भागाच्या जीवाशी बांधला जातो. उभ्या-आडव्या जोडातील कोपऱ्याच्या सांध्यांबाबत नववा विभाग उदार आहे. टोकाला टोक जोडलेल्या नमुन्यावर सिद्ध झालेली रीत कोणत्याही जाडीवरील कोपऱ्याच्या सांध्याला चालते, असे तो म्हणतो. पण कागदाची ही परवानगी म्हणजे पूर्वतापनाची माफी नव्हे. शहात्तरची बेरीज आपण वर पाहिलीच.

घरच्यांसाठी चार शब्द

आपल्या मुलांपैकी जे हे काम करतात, त्यांना काही प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय हवी. हातातील आदेशपत्रिकेत दोन्ही जाड्या बसतात ना? ती पत्रिका ज्या नोंदीवर उभी आहे, ती खरोखर केलेल्या परीक्षेची आहे ना? आपला स्वतःचा दाखला चालू आहे ना? पूर्वतापन जाड भागावर, तापदर्शक खडूने पाहून झाले ना? सळई कोरडी आहे ना? उतार घासला आहे ना? यांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर ठिणगी पेटवू नये.

माल पाठविण्याची तारीख जवळ आलेली असते, वरिष्ठ घाई करीत असतात, आणि 'मागच्या वेळची नोंद लावून टाका, जाडी कोण मोजणार आहे' असे सुचविणारा कोणीतरी नेहमीच भेटतो. अशा वेळी नाही म्हणणाऱ्या मुलाला चार दिवस वाईटपणा येतो, कधी बढतीही लांबते. त्या वेळी घरच्यांनी त्याला 'तुलाच कशाला पाहिजे नसती उठाठेव' असे म्हणू नये. एका नमुन्याला लागतात दोन पट्ट्या, थोड्या सळया व प्रयोगशाळेचे काही दिवस. टाकी फुटली, तर तिच्याशेजारी उभा असणारा माणस कोणाच्या तरी घरचाच असतो, आणि त्याने ती नोंद कधी पाहिलेलीही नसते.

परीक्षेच्या नोंदीखाली जी सही होते, ती त्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. आपल्या घरांतील मुलांनी हा शब्द पाळावा आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच या महोत्सवाच्या प्रसंगी आमची विनंती आहे.